मुरुडचें घर आणि अष्टपुत्रांचा आशीर्वाद

गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं सहकुटुंब मुरुडचा प्रवास केला. हें मुरुड जंजिऱ्याचें नव्हे. दापोली तालुक्यांतील, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें मुरुड होय. समुद्र पाहणें हा प्रवासाचा हेतु नव्हता. तेथील वडिलोपार्जित घरांत आमच्या चुलती एकट्या राहतात. वय शहाऐंशी. गेल्या आषाढांत त्या न्हाणींत घसरल्या आणि सकाळीं कामाची बाई येईपर्यंत तेथेंच पडून होत्या. त्यांना पुण्यास आणून घरास कुलूप लावावें कीं काय, हें ठरविण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आम्हांकडे आलें होतें.

आगगाडीनें खेडला उतरलों. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सबंध खुली झाली, तेव्हां आतां माणसें गांवीं परततील, असें पुष्कळांस वाटलें होतें. परंतु जी गाडी माणसें आणते तीच घेऊनही जाते, हें आम्ही विसरलों. पुढें एस. टी. नें दापोली व तेथून समुद्राकडे उतरलों. मुलें मोजण्याची मास्तरकीची जुनी खोड. गाडींत पाहिलें तों बहुतेक उतारू साठीपुढचे, आणि दप्तरवालीं मुलें अवघीं तीन!

मुरुडांत शिरतांच दुतर्फा नारळी-पोफळींच्या वाड्या लागतात. सावली तीच, गारवा तोच. पण चार घरांआड एका दारास कुलूप. कित्येक अंगणांत पोफळीच्या झावळ्या पडल्या होत्या, त्या उचलावयास कोणी नाहीं.

हा केवळ आमच्या आळीचा प्रकार नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेंत ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे दहा वर्षांत सुमारें ८२ हजार माणूस कमी झालें. शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच काळांत घटला. रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया आढळल्या, यावरून चाकरीसाठीं बाहेर कोण गेलें तें स्पष्टच आहे. पूर्वीं चाकरमानी एकटा मुंबईस जाई व मनिऑर्डर धाडी. मुलेंबाळें गांवीं राहत. हल्लीं बिऱ्हाडच जातें, आणि पुढची पिढी तिकडेच जन्मते.

दुसरें कारण अधिक खोल आहे. आमच्या आजोबांना नऊ अपत्यें झालीं, त्यांतील पांच जगलीं. आम्ही भावंडें चार. आमच्या चिरंजीवांस एकच कन्या. हीच देशाची कथा आहे. १९५० च्या सुमारास आपल्या देशांत एका स्त्रीस सरासरी सहा मुलें होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत हा आंकडा २.० निघाला, महाराष्ट्रांत तर १.७. पिढीनें आपली जागा भरून काढण्यास सुमारें २.१ लागतात.

मग देशाची संख्या अद्याप वाढते कशी, असें वाचक विचारतील. मोठ्या कुटुंबांत जन्मलेलीं मुलें आज आईबाप होत आहेत. त्यांची संख्याच एवढी मोठी कीं, प्रत्येकीं एकदोन अपत्यें झालीं तरी बेरीज वाढते. धांवत्या गाडीस खीळ घातली तरी ती कांहीं अंतर पुढें जातेच. राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें २०६० नंतरच्या दशकांत आपण १७० कोटींच्या आसपास पोंचूं आणि मग उतरूं लागूं. परंतु २०५० च्या सुमारासच दर पांचांत एक माणूस साठीपुढचा असेल. तें चित्र मुरुडनें आपल्याआधीं पाहिलें, एवढेंच.

येथें एक योग लक्षांत येतो. कर्व्यांचे सुपुत्र रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्यांस उपहास व निंदाच सोसावी लागली. सरकारी कुटुंबनियोजन आलें तें १९५२ सालीं. आज त्यांचें म्हणणें घरोघर मान्य झालें आहे, आणि तें झालें हें बरेंच झालें. आमच्या आजीनें नऊ बाळंतपणें व चार मुलांचा शोक सोसला, तो काळ पुन्हा नको. पण मुलें थोडीं असतां म्हाताऱ्यांचें कसें व्हावें, हा धडा कोणीं घालून दिलेला नाहीं.

रात्रीं आम्हीं विषय काढला. काकू म्हणाल्या, “बाळ, पुण्यास मला चौथ्या मजल्यावर ठेवाल. तेथें माझ्याशीं बोलणार कोण? सगळे दिवसभर बाहेर. इथें निदान येणारीजाणारी हांक मारते. मी असेतों देवापुढें दिवा लागूं दे.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं असें ठरलें कीं, वाडीचें काम पाहणाऱ्या जोडप्यास पडवीलगतच्या दोन खोल्या राहावयास द्याव्या, त्यांच्या दोन मुलांच्या शाळेचा खर्च आम्हीं उचलावा, आणि आम्हां चौघां भावंडांनीं आळीपाळीनें महिनाभर तेथें राहावें. रक्ताचें माणूस पुरेनासें झालें म्हणजे शेजारच्यांस घरचें मानावें लागतें. एकत्र कुटुंबाची हीच नवी मांडणी असेल.

निघतांना सूनबाई नमस्कारास वांकली. काकूंच्या तोंडून सवयीनें “अष्टपुत्रा” एवढेंच आलें, आणि त्या थांबून हंसल्या. मग म्हणाल्या, “आहे तिलाच नीट वाढव गो. आणि मे महिन्यांत इकडे घेऊन ये.”

मे महिन्याचीं तिकिटें आम्हीं काढलीं आहेत.