स्टेपनी घेऊन फोंड्याच्या घाटात

पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या कडेनं निघालो, तेव्हा डिक्कीत कपड्यांची एकच पिशवी होती. दुसरी हिच्या पायाशी होती आणि पाण्याच्या बाटल्या दारांच्या खिशात कोंबल्या होत्या. डिक्कीतली उरलेली सगळी जागा स्टेपनीनं घेतली होती.

गाडी 2011 सालची बीएमडब्ल्यू झेड-४. दोनच सीटं आणि घडी होऊन डिक्कीत जाणारं पत्र्याचं छत. मी ती जुनी घेतली. शिरोलीत माझं छोटं मशीनशॉप आहे. वीस वर्षं लेथच्या आवाजात काढल्यावर हा एक हट्ट पुरवला. या गाडीला कारखान्यातून स्टेपनी येत नाही. जॅक नाही, पाना नाही. त्याऐवजी चारही टायर रन-फ्लॅट. त्यांची कड इतकी जाड असते की हवा गेली तरी टायर बसत नाही. 80च्या वेगानं साधारण 80 किलोमीटर जाता येतं, असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे.

हा हिशोब ज्या देशात दर 80 किलोमीटरवर त्या मापाचा टायर मिळतो, त्या देशासाठी बरोबर आहे. मागच्या ऑक्टोबरात फोंडा घाट उतरताना पावसानं उकरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं आणि टायरच्या कडेला बोटभर चीर पडली. कंपनीनं सांगितलं होतं तसंच झालं: टायर बसला नाही आणि मी हळूहळू कणकवली गाठली. अडचण तिथून पुढची होती. कड फाटली की पंक्चर काढता येत नाही. तळव्याला खिळा लागला तर गोष्ट वेगळी. 225/40 आर 18 या मापाचा रन-फ्लॅट ना कणकवलीत होता, ना सावंतवाडीत, ना कोल्हापुरात. गाडी ट्रकवर चढवून घरी आणली आणि मुंबईहून टायर येईपर्यंत ती चार दिवस दारात उभी राहिली. त्याच आठवड्यात ठरवलं, पुन्हा घाटात जायचं ते स्टेपनी घेऊनच.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका घरचा करून घेतलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 साली आरे नसलेली, फक्त धावेची एक जादा रिम बनवली. तिच्यावर टायर आधीच हवा भरून बसवलेला असायचा. पंक्चर झालेल्या चाकाला ती क्लॅम्पनं आवळायची आणि पुढं निघायचं. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नव्हतं. चाक जागेवर खोलून, ट्यूब काढून, ठिगळ लावून मगच निघता यायचं. इंग्रजांनी तो शब्द कधीच टाकून दिला. आपल्याकडं मात्र ट्रकवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे आजही स्टेपनीच म्हणतात. आणि आता गाड्या पुन्हा 1904 च्या आधीच्या अवस्थेकडं निघाल्यात. 2020 च्या ऑक्टोबरपासून आपल्या मोटार नियमांतही तशी सूट आली आहे: टायर ट्यूबलेस असेल, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालतं. त्या संचातलं औषध खिळ्याच्या भोकाला पुरतं. फाटलेल्या कडेला त्याचा उपयोग नाही, हे मी घाटात उभा राहून शिकलोय.

स्टेपनी निवडायची म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. त्यासाठी एक पुठ्ठ्याचं खोकं फोडलं आणि 65 सेंटिमीटर व्यासाचा गोल कापला. 14 सेंटिमीटर उंचीचे चार ठोकळे त्याच्या खाली चिकटवले आणि हे सोंग डिक्कीत घालून झाकण लावून पाहिलं. छत बंद असताना डिक्की 310 लिटरची असते, छत आत घेतलं की 180 ची. पुठ्ठा बसला, पण छत उघडायला जागा उरली नाही. पूर्ण मापाचं चाक ठेवायचं म्हटलं तर ते 25-26 सेंटिमीटर जाड. मग कपड्यांची पिशवीसुद्धा घरी. म्हणून बारीक स्टेपनी घ्यायचं ठरलं.

बारीक स्टेपनी गोलाईत मूळ चाकाच्या जवळपास हवी, नाहीतर एकाच धुरीवरची दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि डिफरन्शियलला सतत काम पडतं. हे गणित शाळेतलं आहे. माझ्या मागच्या टायरचं माप 255/35 आर 18. रुंदी 255 मिलिमीटर, कडेची उंची तिच्या 35 टक्के, म्हणजे 89. वर-खाली मिळून 178. त्यात 18 इंची रिमचे 457 मिळवले की 635. पुढचं चाक याच हिशोबानं 637. जुन्या थ्री सिरीजची 135/80 आर 17 ही स्टेपनी 648 भरते. फरक दोन टक्क्यांच्या आत. 5 बोल्टांचं 120 चं वर्तुळ तेच, मधलं 72.6 चं भोकही तेच.

कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात माझ्या भाच्यानं दोन चाकं शोधली आणि फोटो पाठवले. मी त्याला टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगितलं. एकावर 3409. म्हणजे 2009 सालच्या 34 व्या आठवड्यातला टायर. दिसायला कोरा करकरीत, कारण तो कधी रस्त्याला लागलाच नव्हता. पण रबर पडून पडूनही म्हातारं होतं. तो सोडला. दुसऱ्यावर 2319 होतं, तो घेतला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पोटातून तो सकाळी कावळा नाक्यावर उतरला. आमच्या वर्कशॉपच्या काट्यावर साडेपंधरा किलो भरला. गाडीचं मागचं चाक 24 भरतं.

मग उद्यमनगरात गेलो. काम माझ्याही मशीनवर झालं असतं, पण तिथं एक टर्नर आहेत, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या हाताचा आटा वेगळाच. या गाडीला हबवर स्टड नसतात, बोल्ट बाहेरून जातात. म्हणजे चाक एका हातानं तोलून धरायचं आणि दुसऱ्या हातानं भोक जुळवत बोल्ट लावायचा. रस्त्याकडेला, चिखलात, 24 किलोचं चाक घेऊन हे होत नाही. काकांना म्हटलं, "बारा एमएमची एक पिन पाहिजे, दीडच्या पिचची, वीतभर लांब."

त्यांनी मूळ बोल्ट हातात घेतला, आट्यावर नख फिरवलं आणि गेज न लावताच म्हणाले, "दीडच हाय. तोंडाला जरा निमुळतं करतो, चाक सरकंल आपोआप." अर्ध्या तासात पिन तयार. ती हबमध्ये हातानं पिळायची, चाक तिच्यावर अडकवायचं, चार बोल्ट लावायचे, पिन काढून पाचवा लावायचा. त्यांनीच स्टेपनीच्या मधल्या भोकातून डिक्कीच्या कड्यांना आवळायची एक पट्टी आणि मोठा विंगनट करून दिला. साडेपंधरा किलोचं चाक डिक्कीत मोकळं ठेवलं, तर जोराचा ब्रेक लागल्यावर ते पाठीत येईल. जॅकच्या तोंडावर बसवायला रबराचा ठोकळाही कापून दिला, गाडीच्या पोटाला चेप येऊ नये म्हणून.

घरी आल्यावर स्टेपनी पुढं आणि मागं बसवून हातानं फिरवून पाहिली. हे केल्याशिवाय कुणी स्टेपनी घेऊ नये. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला आणि रिमला जेमतेम करंगळीएवढं अंतर राहतं, पण राहतं. शेवटी हवा: 60 पीएसआय. बारीक स्टेपनीला इतकी लागते, आणि पंपावरचा पोरगा सवयीनं 32 भरतो. उभं राहून भरून घेतली.

तर जानेवारीतली ती पहाट. पुईखडीचा चढ संपला, हळदी गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच गुऱ्हाळाचा धूर आणि काहिलीतल्या रसाचा तो घट्ट गोड वास. छत उघडलं असतं तर अंगावर आला असता, एवढी एक हळहळ वाटली. रस्त्यावर ऊसवाहू बैलगाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या शिंगांवर धुकं.

परिते मागं पडलं आणि ही म्हणाली, "अहो, पिवळा दिवा लागलाय बघा."

गाडी मोकळी जागा बघून बाजूला घेतली. मागचं डावं चाक. तळव्याच्या मधोमध एक चपटं, झिजून चकचकीत झालेलं डोकं रुतलेलं होतं. बैलाच्या पत्रीचा खिळा. रोज कारखान्याकडं जाणाऱ्या जनावराच्या खुरातून तो सैल झाला असणार. बैलांना पत्र्या लागतातच, डांबरावर खूर टिकत नाहीत. त्यांचा रस्ता आपल्याइतकाच आहे.

जॅक रबरी ठोकळ्यावर चढवला, हबमध्ये पिन पिळली. चाक तिच्यावरून सरकत बाहेर आलं आणि स्टेपनी सरकत आत गेली. टॉर्क पान्यानं 120 ला आवळून होईपर्यंत वीस मिनिटं लागली. पण पुठ्ठा कापताना मी एक गोष्ट मोजलीच नव्हती: काढलेलं रुंद चाक ठेवायचं कुठं? डिक्कीत ते पिशवीसकट मावेना, आणि सीटवर ठेवायचं तर ही बसणार कुठं? दोन सीटांच्या गाडीत स्टेपनी नेणाऱ्या प्रत्येकानं हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावं.

तेवढ्यात मागून राधानगरीचं वडाप आलं. ड्रायव्हरनं आपणहून थांबवलं.

"काय झालंय, सायेब? चाक हिकडं द्या. वर कॅरेजला बांधतो. राधानगरीत स्टँडाजवळ पंक्चरवाल्याकडं उतरवतो, तुम्ही या निवांत."

"किती द्यायचं?"

"एका शिटाचं द्या."

आतल्या दोघांनी उतरून चाक वर चढवलं, दोरीनं आवळलं. ही म्हणाली, "त्यांच्या गाडीचा नंबर घेऊन ठेवा." ड्रायव्हरनं ऐकलं आणि नंबराबरोबर स्वतःचा मोबाईलही सांगितला. वडाप निघून गेलं आणि आम्ही 60 च्या वर काटा न नेता मागोमाग निघालो. अशा स्टेपनीवर 80 ची मर्यादा छापलेली असते. मी त्याहून कमी ठेवली. मागच्या धुरीवर एका बाजूला 255 आणि दुसऱ्या बाजूला 135 रुंदीचा टायर असताना वळणावर गाडी हलकी वाटते, ते अंगाला कळतं.

राधानगरीत पोचलो तर चाक पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभं होतं आणि खिळा काढून त्यानं तो काचेच्या बरणीत टाकलेला होता. त्या बरणीत असे पन्नासेक खिळे असतील. रन-फ्लॅट हातपान्यांनी रिमवरून उतरवायचा नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. "हे कडक असतंय, मशीनशिवाय काढलं तर कड सोडतंय," असं तोच म्हणाला. त्यानं बाहेरूनच रबराची वात घातली, साबणाचं पाणी ओतून दोन मिनिटं बघत बसला, मगच चाक दिलं. दिवा लागल्यालागल्या थांबल्यामुळं टायर हवेशिवाय धावला नव्हता, म्हणून हा तात्पुरता उपाय मला मान्य झाला. आतून पॅच कोल्हापुरात परतल्यावर मारायचा होता. वात सुटलीच असती, तर स्टेपनी डिक्कीत होती.

मूळ चाक बसवून निघालो. छत्रपती शाहू महाराजांनी ज्याचं काम सुरू केलं, त्या धरणावर थोडं थांबलो. गाव महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी झालं. पाणी काठोकाठ नव्हतं, पण सात स्वयंचलित दरवाज्यांमागं ते आरशासारखं पसरलं होतं. पुढं दाजीपूरचं जंगल लागलं आणि हवा एकदम बदलली. गवे दिसले नाहीत. रस्त्यावर त्यांचं ताजं शेण मात्र होतं, म्हणून वेग कमीच ठेवला.

फोंडा घाटात मागच्या वर्षीचा तो खड्डा मी शोधला. त्यावर डांबराचं ठिगळ बसलंय, वळण तेच आहे. तिथं गाडी हळू केली, बोललो काही नाही. हिनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. खाली कणकवली, मग कसाल, आणि दुपारी तीनला मालवणात सोलकढीचा पेला हातात होता.

परत आल्यावर स्टेपनीची हवा मोजली. 60 भरली होती, 58 निघाली. पुन्हा 60 केली. तुमच्या गाडीत स्टेपनी असेल तर आज संध्याकाळी तिची हवा बघा आणि कडेवरचे चार आकडे वाचा. नसेल तर एक पुठ्ठा आणि मोजपट्टी घेऊन डिक्की उघडा, आणि काढलेलं चाक कुठं ठेवणार तेही तेव्हाच मोजा.