पाट आणि पीक

बारामतीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी टेलला कमीच पोचतं. पण कोरडा पाट बघून पीक गेलं म्हणू नये. शेतकरी विहिरीवर ऊस जगवत असतो.

मेंदूतला पांढरा भाग म्हणजे संदेश नेणाऱ्या तंतूंचा पाटच. मुंबईच्या डॉ. बी. एस. सिंघल यांनी १९९० च्या दशकात अग्रवाल समाजातल्या मुलांमध्ये नोंदवलेल्या आजारात एमआरआयवर हा भाग भयंकर दिसतो, आणि पोरगं सुरुवातीची बरीच वर्षं चक्क चालतं-बोलतं! मग काम चालतं कसं? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनी नुसता हात हलवला, तरी फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूचे जादा भाग राबताना दिसले. कदाचित हीच ती विहीर असावी.

तेव्हा रिपोर्ट वाचून हबकण्याआधी पोराकडेही बघा.