आईचे मतदान कार्ड आणि लुंबिनीचे विमान

आमची वस्ती विमानतळापासून फार दूर नाही. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते, तेवढा वेळ बोलणारा थांबतो, विमान गेले की पुढचे वाक्य बोलतो. लहानपणापासूनची ही सवय. परंतु त्या विमानाच्या पोटात आपल्यासारखी माणसेही बसू शकतात, हे आमच्या मनाला कधी शिवले नव्हते. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात मात्र आम्ही बसलो. आई, आम्ही उभयता आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी असे चौघे मुंबईहून काठमांडूला निघालो. तेथून पुढे लुंबिनी, म्हणजे भगवान बुद्धांचे जन्मस्थान.

ओढ आईची होती. परमपूज्य बाबासाहेब महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी नेपाळला गेले होते, हे तिने विहारात ऐकले होते. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला चौथी जागतिक बौद्ध परिषद भरली होती. प्रकृती खालावलेली असतानाही बाबासाहेब तेथे गेले आणि २० नोव्हेंबरला त्यांनी ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ या विषयावर भाषण केले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते आपल्यातून गेले. आई म्हणायची, “एवढं दुखणं अंगावर घिऊन बाबा गेलं. माझं तर नुस्तं गुडघं दुखत्यात.” यावर आम्ही काय बोलणार?

आमच्या पत्नींच्या भिशीचा नंबर लागला आणि आम्ही तिकिटे काढली. विमान कंपनी स्वस्तातली. स्वस्त तिकीट म्हणजे काय, ते आम्हांला हळूहळू समजत गेले. त्या किमतीत फक्त बसायची जागा मिळते. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे, खिडकीजवळची जागा हवी तर तिचे वेगळे, चौघांनी एका रांगेत बसायचे तर त्याचेही वेगळे, जेवणाचे वेगळे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईबापांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, असा आदेश विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली काढला आहे. म्हाताऱ्या माणसासाठी तसे काही नाही. आम्ही आईला आणि मुलीला शेजारी बसवण्यापुरते पैसे भरले, पंधरा-पंधरा किलोच्या दोन बॅगांचे भरले आणि बाकी सोडून दिले.

बॅगा नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणल्या. दोन्ही पंधरा किलोच्या आत भरल्या. भंगारवाल्याचा काटा कोणाच्या बाजूने झुकतो, हे आम्हांला तेव्हाच सुचायला हवे होते.

विमान सकाळी सहाचे. तीन तास आधी या, असे कंपनीने कळवलेले. रात्री दोनला वस्तीतून निघालो तेव्हा शेजारपाजारची मंडळी निरोप द्यायला उठून आली होती. कोणी मेणबत्त्या दिल्या, कोणी अगरबत्तीचा पुडा दिला, एका काकूंनी वाटेत खायला तिळाची चटणी आणि दशम्या दिल्या. टॅक्सी सहारच्या मोठ्या इमारतीसमोर, टर्मिनल दोनला, थांबली. आई खाली उतरली, वर पाहिले आणि आमचा हात घट्ट धरला.

दारावर शस्त्रधारी जवान उभा असतो. तो तिकीट आणि ओळखपत्र पाहून मगच आत सोडतो. निरोप द्यायला आलेल्यांनी दाराबाहेर थांबायचे. आत गेल्यावर विमान कंपनीचा काउंटर शोधायचा. तेथे बॅगा द्यायच्या आणि बोर्डिंग पास घ्यायचा. त्यानंतर परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे पाहणारे इमिग्रेशन, मग अंगझडती, आणि शेवटी विमानाचे गेट. हा क्रम आमच्या मुलीने वहीत लिहून आणला होता. वही हातात असली की आमचाही धीर टिकत होता.

काउंटरवर पहिली बॅग चढवली आणि काट्यावर सतरा किलो आकडा आला. दुसरी सोळा. जादा वजनाचा किलोमागे दर ऐकून आमच्या पत्नींनी बॅग लगेच खाली ओढली. तेथेच फरशीवर बसून बॅग उघडली. मागे सुटाबुटातल्या माणसांची रांग. आमचे लुगडे, टॉवेल, दशम्या सगळे त्यांच्यासमोर. त्या क्षणी आम्हांला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आईला मात्र काही वाटले नाही. ती म्हणाली, “चोरीचं हाय का त्यात काय? काढ की.” तिने दोन स्वेटर अंगावर चढवले, एक आम्हांला दिला. ग्रंथ हातातल्या पिशवीत आले. आईने भाजीत घालायला म्हणून सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या आणल्या होत्या. तेलामुळे खोबरे पेट घेऊ शकते म्हणून ते मोठ्या बॅगेत चालत नाही, असे काउंटरवरच्या मुलीने सांगितले. मेणबत्त्या राहिल्या, काडेपेटी मात्र टाकावी लागली.

बॅगांचे निभावले. मग ती मुलगी म्हणाली, “आजींचा पासपोर्ट?”

आम्हां तिघांचे पासपोर्ट होते. आईचा काढायचा राहिला, कारण तिच्या दोन कागदांवर दोन जन्मतारखा होत्या. कोणीतरी सांगितले होते की नेपाळला पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड चालते. आम्ही ऐकले आणि निर्धास्त झालो. आधार पुढे केले. तिने पाहिले आणि मान हलवली. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील माणसांनाच नेपाळला आधारवर जाता येते. मधल्या वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदान ओळखपत्र लागते.

“अहो, पण आई पासष्टच्या वरचीच आहे,” आम्ही म्हणालो.

“कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६२ आहे काका. बासष्ट होतात.”

आमच्या तोंडचे पाणी पळाले. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्या वर्षी आई पाळण्यात होती, असे आमची आजी सांगायची. म्हणजे आई अडुसष्ट वर्षांची. पण गावकुसाबाहेर जन्मलेल्या मुलीची नोंद करायला ग्रामपंचायतीत कोण गेले असेल? शाळेत घातले असते तर मास्तरांनी निदान १ जून तरी टाकला असता. ती शाळेत गेलीच नाही. आधार काढताना समोरच्या मुलाने अंदाजाने विचारले, अंदाजाने लिहिले. तो अंदाज आज आईला लुंबिनीच्या वाटेवर अडवून उभा राहिला होता.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. परदेशी विमानाचा काउंटर सुटायच्या तास-सव्वा तास आधी बंद होतो. आमचा आवाज चढू लागला. आमच्या पत्नी रडवेल्या झाल्या. मुलीने आमचा दंड धरून मागे घेतले. “बाबा, तिची चूक नाही. नियम तोच आहे. आजीचं मतदान कार्ड घरी आहे का? काका रिक्षाने आणून देतील.” आम्ही भावाला फोन लावू लागलो.

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, “मतदानाचं कार्ड म्हंता व्हय?” आणि कमरेचा बटवा सोडला. प्लास्टिकच्या पिशवीत बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि त्याला चिकटून तिचे मतदान कार्ड. अस्सल, जुने, कडा झिजलेले. “ह्ये मी घरात ठिवत न्हाय. घरं जळत्यात, पाण्यात जात्यात. बाबानी दिल्यालं हाय, माझ्यासंगट असतंय.”

एवढ्याने काम झाले नाही. तिकिटावरचे नाव आधारप्रमाणे होते आणि मतदान कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. काउंटरवरच्या मुलीने वरच्या अधिकाऱ्याला बोलावले. तो येईपर्यंतची वीस मिनिटे आम्ही कशी काढली, ते आमचे आम्हांला ठाऊक. अधिकाऱ्याने दोन्ही कार्डे शेजारी ठेवली, फोटो पाहिला, आईकडे पाहिले, पतीचे नाव विचारले. आईने वडिलांचे नाव स्पष्ट सांगितले. त्याने संगणकावर नाव दुरुस्त करून दिले आणि बोर्डिंग पास छापला. त्या मुलीचा आम्हांला राग आला होता, त्याबद्दल आम्ही तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, “काका, विमान निघायच्या वेळेला लोक रोज असेच रडत परत जातात.”

इमिग्रेशनच्या साहेबाने आईला विचारले, “कशासाठी चाललात, आजी?” आई म्हणाली, “बुद्धाच्या गावाला.” त्याने शिक्का मारला.

अंगझडतीला ट्रेमध्ये सगळे काढून ठेवायचे होते. मोबाईल, पट्टे, पिशव्या. आमच्या पुढच्याने त्याच ट्रेमध्ये चपला ठेवल्या. आईला बटवा ठेवायला सांगितले, तशी ती अडून बसली. बाबांचा फोटो चपलांसंगट ठेवणार नाही, म्हणाली. मागे पुन्हा रांग. वर्दीतल्या महिला जवानाने कारण विचारले. मुलीने हळू आवाजात सांगितले. त्या बाई काही बोलल्या नाहीत. एक रिकामा ट्रे काढला, हाताने पुसला आणि आईपुढे धरला. फोटो एकटा यंत्रातून गेला आणि एकटा बाहेर आला.

आत गेल्यावर काचेची दुकाने, अत्तरांचा वास. चार चहांची किंमत पाहिली, तेवढ्यात घरी आठवड्याची भाजी येते. पाण्याची रिकामी बाटली झडतीतून नेता येते आणि आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, हे मुलीने वहीत लिहिलेच होते. नळावर बाटल्या भरल्या आणि गेटजवळ बसून दशम्या चटणीशी खाल्ल्या. आता आम्हांला लाज वाटली नाही.

आई मुलीबरोबर शौचालयाकडे गेली ती बराच वेळ आली नाही. आम्ही पाहायला गेलो तर दाराशी ती एका सफाई करणाऱ्या ताईशी बोलत होती. आईच्या पदराला लावलेला अशोकचक्राचा बिल्ला त्या ताईंनी ओळखला होता आणि “जय भीम, मावशी” म्हणाल्या होत्या. कित्येक वर्षे त्या रात्रपाळीत येथे फरशी पुसतात. हजारो माणसे विमानात चढताना पाहिली, स्वतः कधी चढल्या नाहीत. आईने त्यांना दोन दशम्या दिल्या. त्या म्हणाल्या, “मावशी, तिथं माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा.” लुंबिनीला पोहोचल्यावर आईने पहिली मेणबत्ती त्यांच्या नावाने लावली.

गेट उघडले. बसमधून विमानापर्यंत गेलो, शिडी चढलो. आईने पायरीला हात लावून नमस्कार केला. विमान धावू लागले तसे दोन रांगा मागून आम्हांला तिचा आवाज ऐकू आला, बुद्धं सरणं गच्छामि. खाली कुठेतरी आमची वस्ती होती. तेथे कोणीतरी बोलता बोलता थांबले असेल.

लुंबिनीला सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून अशोकाने त्या गावाचा एक कर माफ केला आणि दुसरा कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरलेले आहे. मुलीने ते वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, “तवाचा राजा कर माफ करायचा, आताचं विमान खुर्चीला बी पैसं घेतंय.” आम्ही सगळे हसलो.

बंधू-भगिनींनो, हे सगळे लिहायचे कारण एवढेच, की आमच्यासारखी चूक आपण करू नये. जायच्या आधी महिनाभर घरातल्या प्रत्येकाची कागदपत्रे समोर मांडून नाव आणि जन्मतारीख जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर आताच दुरुस्ती करून घ्या. तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच, अक्षर न् अक्षर, असू द्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका. शिकलेल्या मुलांना नियम वाचायला बसवा. आणि तेथे काही समजले नाही, तर विचारायला लाजू नका. आपल्या आईबापांच्या जन्माची कोणी नोंद ठेवली नाही, यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या मुलांच्या कागदांत चूक राहिली, तर तो दोष आपला असेल.

परत आल्यावर आईचे आधार दुरुस्तीला दिले. मतदान कार्ड अजून बटव्यातच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!