वाजल्यावर येणार कोण?

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईने माझ्याकडे झोपेची गोळी मागितली. दवाखान्यात अशी मागणी करणारे रोज दोन-चार जण येतात आणि मी त्यांना समजावून परत पाठवतो. स्वतःच्या आईला नाही म्हणणे मात्र तेवढे सोपे नसते. ती ८१ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून हिंगणघाटच्या जुन्या वस्तीतील आमच्या घरात एकटीच राहते. माझे घर आणि दवाखाना तेथून दोन किलोमीटरवर, महामार्गाच्या बाजूला. ‘आमच्याकडे राहायला चल’ असे सांगून आम्ही दोघे भाऊ थकलो, परंतु ती घर सोडावयास तयार नाही.

त्या दिवशी नियमित गोळ्या चालू असूनही तिचा वरचा रक्तदाब १७० होता. खोदून विचारले तेव्हा कळले की पंधरा दिवसांपूर्वी गल्लीतील एका बंद घरात चोरी झाली होती, आणि तेव्हापासून ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पलंगावर बसून काढत होती. गोळी दिली असती तर ती झोपली असती, हे खरे. परंतु या वयात झोपेच्या बहुतेक गोळ्यांनी तोल जातो, मध्यरात्री उठल्यावर भान नीट राहत नाही, आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून वृद्धांना त्या शक्यतो देऊ नयेत, असाच वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. मी गोळी दिली नाही.

पुण्यातील धाकट्या भावाला हे कळवले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. “दादा, साडेतीन हजारांत बिनतारी अलार्मचा संच मिळतो. भिंत फोडणे नाही, वायरिंग नाही. मागवून टाकतो.” मला ते पटले. दोघांच्याही मनातील टोचणीवर तो स्वस्त उपाय होता, हे मला नंतर उमगले.

खोक्यातून एक मुख्य यंत्र, दारांसाठी दोन सेन्सर, हालचाल ओळखणारा एक सेन्सर, किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल असा छोटा रिमोट आणि एक भोंगा निघाला. दाराचा सेन्सर अगदी साधा असतो. चौकटीवर एक तुकडा आणि दारावर लोहचुंबक. दार उघडून चुंबक दूर गेले की संदेश जातो. दुसरा सेन्सर खोलीतील उष्णतेवर नजर ठेवतो. त्यातून कोणताही किरण बाहेर पडत नाही. माणसाच्या अंगातून निघणारी अवरक्त उष्णता समोरून सरकली की तो ती टिपतो. मुख्य यंत्र वायफायमार्फत आमच्या दोघांच्या मोबाइलवर सूचना पाठवणार होते. एका रविवारी दोन तासांत सारे बसवले. आईने विचारले, “हे माह्यासाठी आहे का चोरासाठी?” आम्ही हसलो.

तिसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमारास भोंगा वाजला.

माझा मोबाइल उशाशीच होता. कपडे चढवून, गाडी काढून मी अकराव्या मिनिटाला पोहोचलो. दार आतून बंद. वर कडी, खाली कडी आणि मध्ये आगळ. चोरीनंतर आईने स्वतःच हा बंदोबस्त केला होता. मी हाका मारीत उभा, आत भोंगा चालूच, आणि आई उत्तर देत नाही. माझ्या ३० वर्षांच्या व्यवसायात इतकी लांब चार मिनिटे मी अनुभवली नाहीत.

तिने दार उघडले तेव्हा मनगट धरून उभी होती. अंधारात घाईने उठताना तिला घेरी आली, ती दाराच्या चौकटीवर आदळली आणि खाली बसली. हाड वाचले, मुका मार लागला. चोर वगैरे कोणीच नव्हते. कूलरच्या वाऱ्याने पडदा हलला, किंवा नेहमीची मांजर खिडकीतून आत आली. नेमके कारण शेवटपर्यंत कळले नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांना एकदम उभे राहताना डोळ्यांसमोर अंधारी येते, हे मी रोज रुग्णांना सांगतो. पलंगावर मिनिटभर बसा, मग उठा, असे बजावतो. आणि मीच माझ्या आईच्या डोक्याशी, तिला दचकवून उठवणारे यंत्र लावून दिले होते. त्या रात्री तिच्या खुब्याचे हाड मोडले असते तर ज्या चोराला आम्ही घाबरत होतो, त्याने कधी केले नसते एवढे नुकसान आम्ही केले असते.

सकाळी शेजारच्या काकूंना विचारले, “तुम्हाला आवाज आला नाही का?” त्या म्हणाल्या, “आला ना डॉक्टर. पण कोणाच्या गाडीचा वाजत असन म्हणून आम्ही झोपून रायलो.” त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते. हिंगणघाट हे कापसाचे आणि कापडगिरण्यांचे गाव. माझ्या लहानपणी गिरणीचा भोंगा वाजला की काय करायचे, ते साऱ्या गावाला ठाऊक असे. कोणी डबा घेऊन निघे, कोणी घड्याळ लावून घेई. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. आम्ही बसवलेल्या भोंग्याबद्दल मात्र आम्ही गल्लीत कोणालाच काही सांगितले नव्हते.

त्याच दुपारी मी आईजवळ निवांत बसलो आणि जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयास हवा होता तो विचारला. तुला नेमकी कशाची भीती वाटते? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चोर येईन त नेईन काय? पितळेची भांडी? मले त्याचं भेव नाही बापू. रात्री मी पडली त सकाळपर्यंत कोणाले समजन?”

आम्ही अलार्म घ्यायचा की नाही यावर आठवडाभर बोललो होतो. त्या चर्चेत हा प्रश्न एकदाही आला नव्हता.

त्यानंतर आम्ही सारी मांडणी बदलली. ज्या घरांत असा विचार चालू असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ती सविस्तर सांगतो.

हालचाल ओळखणारा सेन्सर काढून टाकला. माणूस घरात वावरत असताना, त्याला रात्री दोनदा लघवीला उठावे लागत असताना, तो सेन्सर चालू ठेवणे म्हणजे रोज एका खोट्या धोक्याला आमंत्रण देणे होय. आपल्याकडील उन्हाळ्याचीही त्यात भर पडते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तापलेल्या भिंती रात्रीही निवत नाहीत. खोलीचे तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेले की त्या सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरकच नीट कळत नाही. म्हणजे तो नको तेव्हा वाजण्याचा आणि हवा तेव्हा न वाजण्याचा, असा दोन्हीकडून धोका.

दारांचे दोन सेन्सर ठेवले, परंतु भोंग्याऐवजी नुसत्या ‘टिंग-टिंग’ आवाजावर. त्यांचा खरा उपयोग माझ्या काही रुग्णांच्या घरी मी नंतर पाहिला. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री दार उघडून बाहेर पडते, तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलेल्या सुनेला किंवा मुलाला जागे करण्याचे काम हा स्वस्त सेन्सर उत्तम करतो. मुख्य भोंगा आईच्या खोलीतून काढून समोरच्या ओसरीवर लावला आणि तो केवळ रिमोटचे बटण दाबल्यावरच वाजेल, अशी व्यवस्था केली.

सर्वांत उपयुक्त ठरली ती एक साधी बिनतारी घंटा. तिचे बटण आईच्या उशाशी आणि दुसरे न्हाणीघरात, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवले. पडलेल्या माणसाचा हात तेथवरच पोहोचतो. घंटा मात्र काकूंच्या घरात. ती सेलवर चालणारी घेतली, कारण वीज गेल्यावर प्लगमधील घंटा मुकी होते. वायफायचेही तसेच आहे: वीज गेली की राउटर बंद आणि मोबाइलवरची सूचनाही बंद. भिंतींतून संदेश पोहोचतो की नाही, हे सर्व दारे बंद करून तपासले. दर महिन्याच्या एक तारखेला आई बटण दाबते आणि काकू हाक देतात. सेल उतरले असतील तर त्याच दिवशी कळते.

आवाजाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वय वाढते तसे आधी बारीक, तीक्ष्ण स्वर ऐकू येईनासे होतात, आणि स्वस्त यंत्रांचे भोंगे नेमके तसेच किंचाळतात. धुराच्या अलार्मवर झालेल्या अभ्यासांत ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या कर्कश स्वरापेक्षा ५२० हर्ट्झच्या जाडसर स्वराने झोपलेली वृद्ध माणसे अधिक सहज जागी होतात, असे आढळले आहे. श्रवणयंत्र रात्री काढून ठेवणाऱ्यांनी तर हे आधी स्वतःच्या कानांनी पारखून घ्यावे.

आतली आगळ काढून टाकली. एक कडी आणि बाहेरूनही किल्लीने उघडेल असे एक कुलूप ठेवले. एक किल्ली काकूंकडे, एक माझ्याकडे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दोन मंद दिवे रात्रभर जळतात. वाटेतली चटई उचलली. त्यावर खर्च झाला तो चारशे रुपयांच्या आत.

शेवटी मी पोलीस ठाण्यात जाऊन आईचे नाव नोंदवले. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आणि त्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेले नियम यांत, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांची अधूनमधून विचारपूस करावी, अशी तरतूद आहे. अनेक कुटुंबांना ती माहीतच नसते. ११२ हा पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या फोनजवळ चिकटवला. सर्वांत वर मात्र काकूंचा क्रमांक आहे.

मग अलार्म घ्यावा की घेऊ नये? घर महिनोन्महिने बंद राहत असेल आणि सूचना मिळताच पाच मिनिटांत पोहोचणारा कोणी असेल, तर स्वस्त संचही उपयोगी पडतो. घरात एकटे वृद्ध माणूस राहत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. त्यांना कशाची भीती वाटते, हे त्यांनाच विचारा. वाजल्यावर कोण येणार, त्याचे नाव लिहा. मुलगा पुण्यात असेल तर त्याचे नाव त्या यादीत पहिले नसावे. आणि येणाऱ्याला दार उघडता येईल का, ते पाहा. या तिन्हींची उत्तरे नसतील तर महागडा संचही नुसता आवाजच करील.

सहा आठवड्यांनी आईचा रक्तदाब पुन्हा तपासला. औषधाची मात्रा तीच असताना तो १४२ वर आला होता. सर्वांचाच असा उतरेल असे नाही, आणि कोणी औषध स्वतःहून कमी करू नये. झोपेची गोळी तिने पुन्हा मागितली नाही.

त्या घंटेचे बटण आतापर्यंत एकदाच खरोखर दाबले गेले. श्रावणातल्या एका रात्री काकू धावत गेल्या, कुलूप उघडून आत शिरल्या, तर आई पलंगावर बसलेली. तिला काही झाले नव्हते. “झोप येत नव्हती, म्हटलं पाहावं तू येतेस का,” ती म्हणाली. काकू तिच्यावर थोड्या रागावल्या, मग दोघींनी चहा केला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला हे सांगितले, तेव्हा मी आईला काही बोललो नाही. फक्त त्या महिन्यापासून मी आठवड्यातून दोन रात्री तिच्याकडे झोपावयास जातो.