धावपट्टीवर जीप आढळल्यामुळे

मोपाच्या त्या विमानावरून म्हापशाच्या बाजारात बरेच दिवस थट्टा चालली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक प्रवासी विमान धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सीवेवरूनच उडायला निघालं. टॉवरवरून ते वेळीच दिसलं, विमान थांबवलं गेलं, कुणाला खरचटलंही नाही. मी टॉवरवर नोकरी केली आहे हे ठाऊक असल्याने माझ्या नेहमीच्या मासळीवालीने बांगडे मोजता मोजता विचारलं, "पायलटाक रस्तोच दिसलो ना?"

मी तिला टॅक्सीवेचे निळे दिवे आणि धावपट्टीचे पांढरे दिवे समजावू लागलो. तिने पिशवी हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बरंच झालं. कारण पुढचा प्रश्न टॉवरवरच्या माणसाबद्दल आला असता. त्याचं कौतुक कुणीच केलं नव्हतं. त्याने ऐनवेळी मान वर केली होती. मी एकदा ती केली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी महाराष्ट्रातल्या एका लहान विमानतळावर होतो. धोका मोठ्या विमानतळावर जास्त, असं लोकांना वाटतं. ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान धावपट्टीवरून उडत असतानाच मागून दुसरं त्याच धावपट्टीवर उतरलं, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. तिथे गर्दी खाते. आमच्याकडे रिकामपण खायचं. दोन विमानांच्या मध्ये तासन्‌तास काही नसायचं. त्या वेळात टॉवरवरचा एकटा माणूस फोन घ्यायचा, हवामानाची नोंद करायचा, गवत कापणाऱ्यांच्या हजेरीवर सही करायचा. विमान आलं की दचकल्यासारखा पुन्हा कंट्रोलर व्हायचा.

त्या सकाळी धावपट्टीवर कुत्रा शिरला. हा प्राणी काही आमचाच नव्हे. दाबोळीला जानेवारी २०२४ मध्ये अशाच एका कुत्र्यामुळे बंगळुरूहून आलेलं विमान न उतरताच परत गेलं. मी जीपवाल्याला वॉकीटॉकीवर सांगितलं, जा, हाकलून ये. धावपट्टीवर कुणी असलं की समोरच्या फळीवर लाल पट्टी ठेवायची, असा नियम. नजर फिरली की पट्टी दिसते आणि तोंडातून परवानगी निघत नाही. एवढं साधं काम. मी पट्टी उचललीसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. कुणा मंत्र्यांचं विमान नक्की किती वाजता येणार, हार आत्ता मागवायचे की नंतर, अशी चौकशी होती. पट्टी हातात धरून मी हारांबद्दल बोललो. फोन ठेवला तेव्हा ती टेबलावर चहाच्या कपाशेजारी होती. फळी स्वच्छ होती.

धावपट्टीच्या मधोमध उंचवटा होता. पलीकडच्या टोकाला गेलेली जीप टॉवरवरूनही दिसत नसे आणि अलीकडे उभ्या असलेल्या पायलटलाही दिसत नसे. चाळीसेक माणसं घेऊन निघालेल्या विमानाने परवानगी मागितली. मी फळीकडे पाहिलं आणि दिली. आवाज अगदी शांत होता माझा.

विमान उंचवट्यावर आलं आणि पायलटला समोरून येणारी जीप दिसली. त्याने ब्रेक मारले. जीपवाल्याने गाडी सरळ गवतात घातली. दोघांनीही मला काही विचारलं नाही, विचारायला वेळच नव्हता. मग रेडिओवर पायलट फक्त एवढंच म्हणाला, "टॉवर, जीप आहे." मी म्हणालो, "ऐकलं."

विमान परत आलं, टायर तपासले गेले, उशिराने उडालं. आणि मी रजिस्टर उघडलं. लिहिलं: 'धावपट्टीवर जीप आढळल्यामुळे टेक-ऑफ रद्द.' एकही शब्द खोटा नव्हता. जीप कुणी पाठवली आणि टेक-ऑफ कुणी रद्द केला, एवढंच त्यात नव्हतं. वाचणाऱ्याने आपल्या मनाने अर्थ लावावा अशी ती सोय होती, आणि त्यांनी तो लावला.

जीपवाला कंत्राटी होता. "साहेब, तुम्हीच पाठवलं होतं ना?" असं तो मला विचारायला आला. मी म्हणालो, चौकशीत बघू. चौकशी म्हणजे एक कागद. टॉवरवरचं बोलणं टेप होत असे, पण ती तीस दिवस ठेवायची, मग तीच टेप पुन्हा वापरायची. कुणी मागितली असती तर माझा शांत आवाज सगळ्यांनी ऐकला असता. कुणी मागितली नाही. आयुष्यात कॅलेंडर मी इतक्या निष्ठेने कधी पाहिलं नाही. महिना उलटायच्या आतच कंत्राटदाराने त्याला कामावरून काढलं होतं.

पुढे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी बरा शिकवायचो. २७ मार्च १९७७ चं तेनेरिफे सांगायचो: शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटला म्हणून मोठमोठी विमानं एका लहानशा विमानतळावर वळवलेली, धुकं, परवानगी मिळाली असं समजून एक जंबो सुटलं, दुसरं अजून धावपट्टीवरच, ५८३ माणसं गेली. औरंगाबाद तर घरचंच उदाहरण. २६ एप्रिल १९९३, धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक, त्याला धडकलेलं बोईंग, ११८ पैकी ५५ मृत्यू. चौकशीत पायलटचा दोष निघाला, तसा विमानांच्या वेळेत रस्त्यावरची वाहनं न अडवल्याचाही निघाला. ट्रकवर मी तासभर बोलू शकत असे. पोरं वह्या भरून घेत. एकाने विचारलं, सर, तुमच्या ड्यूटीत कधी असं झालं? मी म्हणालो, नशीब चांगलं होतं. हेही खोटं नव्हतं. त्या मुलांपैकी कुणी फोनच्या नादात पट्टी हातातच ठेवली असेल, तर त्याला सावध करील अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि तीच मी शिकवली नाही.

निवृत्तीनंतर म्हापशाला येण्याआधी जीपवाल्याला शोधून काढलं. तो विटांचा टेम्पो चालवत होता. सगळं सांगितलं. त्याने टेम्पोला टेकून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला तर ते तेव्हाच माहीत होतं, साहेब. तुम्हाला माहीत आहे का, तेवढंच कळत नव्हतं."

लेखी काही देऊ का, असं मी विचारलं. कुणाला दाखवू, असं त्याने विचारलं. कंत्राटदार केव्हाच बदलला होता आणि ते रजिस्टर रद्दीत गेलं होतं. विटा उतरवून द्यायच्या होत्या, म्हणून तो निघाला.