सरळ म्हणजे कुठं?

मावसबहिणीच्या लग्नासाठी लेकीचा घागरा शिवायला टाकला होता. मापं घेताना शिवणाऱ्या काकूंनी टेप दोनदा फिरवली आणि विचारलं, "हिचा उजवा खांदा वर आहे का हो?" मी म्हटलं, "ती उभीच तशी राहते." वर्षभर मी तिच्या मागे तेच लावलं होतं. सरळ उभी राहा, सरळ बस.

काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला लावलं. मी मागे उभी होते. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट वर आली होती. लेक 12 वर्षांची. तिला अंघोळ घालणं कधीच सुटलेलं. ती पाठ मी कित्येक महिन्यांत पाहिलीच नव्हती, हे त्या क्षणी लक्षात आलं.

मग उभं राहून एक्स-रे, आणि माझ्या वहीत नवे शब्द. कॉब कोन, म्हणजे कण्याच्या बाकाचं माप, 18 अंश. 10 अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा बाजूला आलेला बाक, म्हणत नाहीत. वाढीच्या वयात 25 च्या पुढे गेला तर ब्रेसचा विचार करतात. कमरेच्या हाडाच्या कडेवरून रिसर ग्रेड काढतात, 0 ते 5. हिची 1. मला वाटलं, कमी आहे म्हणजे चांगलंच. डॉक्टर म्हणाले, "वाढ बरीच बाकी आहे, म्हणून बाक वाढायलाही वाव आहे." दप्तरामुळे झालं का, वाकून अभ्यास केल्यामुळे झालं का, हे मी तीनदा विचारलं. दोन्हींमुळे नाही. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. सध्या व्यायाम, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी श्रॉथ पद्धत सांगितली. काटारिना श्रॉथ या जर्मन बाईची स्वतःची पाठ वाकडी होती आणि तरुणपणी तिला पोलादी पट्टा बांधला होता. चेपलेल्या चेंडूत हवा भरली की खड्डा वर येतो, यावरून तिला पाठीच्या खोलगट बाजूत श्वास भरण्याची कल्पना सुचली. 1921 मध्ये तिनं माइसेनला रुग्णांसाठी छोटं केंद्र काढलं. हे ऐकून मला धीर आला. पण प्रत्यक्ष व्यायाम सुरू झाला आणि मी पार गोंधळले.

घरच्या जुन्या सुती ओढणीच्या पिशव्या शिवून त्यांत तांदूळ भरले. लेक उताणी झोपली की एक पिशवी उजव्या फुगीर फासळ्यांखाली. मग ताई म्हणाल्या, "आता श्वास डावीकडे, पाठीच्या खोलगट भागात घे." श्वास एका बाजूला कसा घ्यायचा? मी रात्री स्वतः करून पाहिलं; पोट तेवढं वर आलं. त्यात एक्स-रे पाठीमागून पाहिल्यासारखा लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. वहीत मी उजवं-डावं सगळं उलटं लिहून ठेवलं होतं. आठवडाभर पिशवी चुकीच्या बाजूला ठेवत होते. ताईंना सांगताना मला रडू आलं.

त्याहून अवघड आरसा. ताईंनी तिचं कंबरडं थोडं सरकवलं, धड मध्यावर आणलं. आरशात ती अगदी सरळ दिसत होती. ती मात्र घाबरून म्हणाली, "आई, मी आता वाकडी उभी आहे." तिच्या मेंदूनं बाकच सरळ म्हणून धरलाय, ताईंनी समजावलं. म्हणजे मी वर्षभर "सरळ बस" म्हणत होते, तेव्हा ती तिच्या परीनं सरळच बसत होती. माझ्या रागावण्यातून तिला काय कळलं असेल?

व्यायामानं कोन किती कमी होईल, याची हमी कोणी दिलेली नाही. मोजण्यातच 5 अंशांचा फरक पडू शकतो, तेव्हा आकडा थोडा हलला तर हुरळू नका आणि खचूही नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज अर्धा तास आम्ही चुकवत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा माझ्या तळव्याखाली डाव्या फासळ्या उचलल्यासारख्या वाटल्या. मी हात तसाच ठेवला, काही बोलले नाही. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच.

एक्स-रे पुढच्या महिन्यात आहे. काल ती दात घासत होती, भार एका पायावर टाकून. "सरळ" ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि विचारलं, "कुठं उभी आहेस?" तिनं डोळे मिटले, कंबर सरकवली, डावीकडे श्वास भरला. मग डोळे उघडून आरशात पाहिलं. "थोडं राहिलंय," म्हणाली, आणि बोटभर आणखी सरकली.