आठ फुटी शीट, सव्वासात फुटी हौदा

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसमोर छोटा हत्ती उभा राहिला की सुताराच्या मनात पहिला हिशेब लांबीचा सुरू होतो. प्लायवूडचं पूर्ण शीट 8 बाय 4 फुटांचं. छोट्या हत्तीच्या, म्हणजे 2005 साली आलेल्या टाटा एसच्या हौद्यात चार फूट रुंदी आरामात मावते. लांबी मात्र जेमतेम सव्वासात फूट. उरलेला पाऊण फूट फाळक्याबाहेर.

हा पाऊण फूटच जीवाला घोर लावतो.

18 मिलिमीटरच्या एका शीटचं वजन साधारण 30 ते 35 किलो. वीस शीटं गाडी निमूट ओढते. खरी भीती वाऱ्याची. जवळपास तीन चौरस मीटरच्या वरच्या शीटखाली वारा शिरला, की ते पंखासारखं उचललं जातं. मधोमध एकच दोरी आवळून भागत नाही; एक केबिनकडे, एक मागे, आणि कडांवर गोणपाट, नाहीतर दोरी कोपरे खाते. गल्लीतून डोक्यावर शीट तोलत येणारे हमाल हे बोलता बोलता करून टाकतात. त्यांच्या हातांत इंजिनिअरिंग आहे.

मर्यादेबाहेर माल काढून गाडी हाकली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये. त्याहून मोठी काळजी मागच्या दुचाकीस्वाराची. ती कड नेमकी त्याच्या छातीच्या उंचीवर येते.

कपाटाचं दार सात फुटीच असेल, तर बाजारातच शीट कापून घ्या. पूर्णच हवं असेल, तर लांब हौद्याची पिकअप बोलवा.